भिंतीकडे तोंड केलेलं जहाज

लग्न होऊन मी डहाणूच्या घरी आले तेव्हा ते चित्र आधीपासूनच भिंतीवर होतं. दोन हात पसरले तर जेमतेम कवेत मावेल एवढं मोठं, शिसवी चौकटीतलं तैलचित्र. तीन डोलकाठ्यांचं एक जुनं जहाज भर समुद्रात एका कुशीवर कललेलं. समुद्र काळपट हिरवा, आभाळ उकळून ठेवलेल्या चहासारखं, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात थोडासा उजेड. खाली तांबड्या अक्षरांत कुणाची तरी सही होती, ती कुणालाच लागली नाही. पुढे आम्ही स्टेशनच्या पश्चिमेला फ्लॅट घेतला. जुन्या घरातलं बरंच सामान वाटून टाकलं, पण चित्र माझ्या नवऱ्यानं स्वतः चादरीत गुंडाळून आणलं आणि हॉलमध्ये समोरच लावलं.

त्या चित्रामागची गोष्ट मला ठाऊक होती, पण थोडीच. माझे सासरे सुतार होते. चिकूच्या वाड्यांमधल्या एका जुन्या पारशी बंगल्यात त्यांचं वर्षानुवर्षं काम चाले. ते कुटुंब बंगला विकून परदेशी गेलं तेव्हा मालकीणबाईंनी कामाच्या माणसांना एकेक वस्तू न्यायला सांगितली. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी कपाट नेलं. सासऱ्यांनी हे चित्र आणलं, कारण त्यांच्या थोरल्या मुलाला ते हवं होतं. हा थोरला मुलगा म्हणजे माझे दीर. मी त्यांना कधी पाहिलं नाही. चित्र घरात आल्यावर काही काळानं ते गुजरातेत बोटीवर कामाला गेले, तिथून मालवाहू गलबतावर खलाशी म्हणून चढले आणि आखातातल्या एका बंदरात उतरले. त्यानंतर त्यांचा काही पत्ता लागला नाही. गलबत बुडालं नव्हतं. बरोबरचे खलाशी परत आले. त्यांनी सांगितलं, तो उतरला तेव्हा धडधाकट होता, दुसरं काम मिळालंय म्हणाला.

हे सगळं नवऱ्यानं मला लग्नानंतर एकदाच, सलग, जणू दुसऱ्या कुणाविषयी बोलावं तसं सांगितलं होतं. पुन्हा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. तो रेल्वेच्या सिग्नल खात्यात, कामापुरतं बोलणारा माणूस. भावाचा एक फोटो कपाटात होता, तो कधी बाहेर आला नाही. पण दर रविवारी चित्राच्या चौकटीवरून फडकं फिरवायचं काम मात्र त्यानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

काही वर्षांपूर्वी थंडीत माझी आई मोरीत पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. आई तलासरीला राहायची. वडील तिथल्या हायस्कुलात शिक्षक होते. ते गेल्यावरही ती एकटीच त्या घरात, दोन जास्वंदी आणि एक शेवगा सांभाळत राहिली होती. शस्त्रक्रिया झाली, आणि निदान पावसाळा संपेपर्यंत तिला एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं. तिला डहाणूला आणायचं हे माझ्याआधी नवऱ्यानंच ठरवलं. हॉलमध्ये उजेड असतो, वारा येतो, म्हणून तिचा पलंगही त्यानंच तिथं मांडला. दिवसा सोबतीला शेजारच्या एक बाई येऊन बसत, कारण मी सकाळीच रानशेतच्या शाळेत शिकवायला जायची आणि नवऱ्याची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची.

पलंग मांडला तो नेमका चित्रासमोर. आईला कुशीवर वळता येत नव्हतं. उताणं पडलं की समोर तेच. पहिले काही दिवस तिनं ते सोसलं. मग एका संध्याकाळी मी तिला चहा पाजत असताना हळूच म्हणाली, ते जहाज कलंडतंय. मी म्हटलं, चित्र आहे ते, तसंच काढलेलं आहे. तिनं ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला मळमळायचं. औषधांनी होत असेल असं मला वाटलं. ती म्हणायची, डोळे मिटले तरी मला ते दिसतं, पलंगासकट मीच कलंडते असं वाटतं. आणि मग दबक्या आवाजात, जावई आत आहे का ते बघून, तिनं मनातलं खरं सांगितलं. आजारी माणसाच्या समोर बुडतं जहाज असू नये. ते काही शुभ नव्हे.

मी कात्रीत सापडले. तिला खरी गोष्ट सांगावी तर ती मनाला लावून घेणार. नवऱ्याला सांगावं तर कसं? पण त्याला सांगायची वेळच आली नाही. घर लहान, त्यानं ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर भिंत रिकामी. चित्र होतं तिथं रंगाचा एक फिकट चौकोन उरला होता, आणि चित्र आतल्या खोलीत कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्यांना त्रास होतोय ना. मग झालं. आणि त्यांना दादाचं काही सांगू नकोस."

आईला त्या रात्री छान झोप लागली. सकाळी ती जावयाचं कौतुक करत होती, न सांगता ओळखलं म्हणून. तो मान खाली घालून बुटाच्या नाड्या बांधत होता.

उन्हाळा गेला. आई आधी वॉकर घेऊन, मग काठीवर चालायला लागली. पाऊस सुरू झाला आणि आमच्याकडे पावसात होतं तसं सगळं ओलसर झालं. कपडे वाळेनात, मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं. आषाढात एका रविवारी माझी नणंद आईला भेटायला आली. ती धाकटी डहाणू या गावी दिलेली. तिचं सासरही सुतारांचं, खाडीकाठी मच्छीमारांच्या होड्या दुरुस्त करणारं. बोलकी, मोकळी बाई. येताना सुके बोंबील आणि आईसाठी मऊ भाकरी घेऊन आली होती. आल्या आल्या आईच्या पाया पडली, पायाची चौकशी केली, आणि बसता बसता तिची नजर भिंतीवर गेली.

ती भावाकडे वळून म्हणाली, "दादाचं चित्र कुठंय?"

तो म्हणाला, आत आहे, ठेवलंय. तिनं विचारलं, का? उत्तराची वाट न बघता ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पण आमच्यापैकी कुणाला दोष न देता ती भाकरी वाढायला बसली. जेवणं झाली, गप्पाही झाल्या, आणि दुपारच्या रिक्षानं ती निघून गेली. नवरा तिला सोडायला खाली उतरला.

आईनं काठी हातात घेतली आणि मला म्हणाली, "दादा म्हणजे कोण?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. आई ऐकत राहिली. मध्ये एकदाच तिनं विचारलं, बंदरात उतरला आणि मग काहीच नाही? मी म्हटलं, काहीच नाही. ती रिकाम्या भिंतीकडे बघत बसली. तिला रडू येईल, ती मला बोलेल, असं काय काय मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नवरा वर आल्यावर तिनं त्याला फक्त एवढं सांगितलं की ते चित्र बाहेर आणा, मला बघायचंय.

त्यानं आणलं. उजेडात धरलं. कपाटामागे पश्चिमेच्या भिंतीला ओल होती. जहाजाच्या शिडांवर पांढरी बुरशी पसरली होती, आणि खालच्या कोपऱ्यातल्या लाटांचे पापुद्रे सुटून कापड दिसत होतं. नवरा म्हणाला, जुनंच झालं होतं, असू दे. तो ते परत आत न्यायला वळला तर आईनं काठी आडवी धरली.

तिनं सांगितलं, तलासरीला जाऊ. वडिलांच्या शाळेतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक तिथं राहत होते. वडिलांचे मित्र; आई त्यांना भाऊजी म्हणायची. ते आम्हा मुलांना दिवाळीत आकाशकंदील करून द्यायचे. त्यांना तैलरंगांची माहिती असणार, असं आईचं म्हणणं. नवऱ्यानं खूप आढेवेढे घेतले. तिचा पाय, पावसातला रस्ता, हायवेवरची वाहतूक. ती ऐकेना. मला माझं घरही बघायचंय, म्हणाली, आणि मग त्याचाही नाइलाज झाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही ओळखीच्या एकाची गाडी केली. चित्र चादरीत आणि वरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर आडवं ठेवलं, त्याच्या शेजारी आई. चारोटीला चहासाठी थांबलो. पावसाची सर आली म्हणून गाडीत ओल नको या धास्तीनं नवऱ्यानं चित्र हॉटेलात आणून खुर्चीवर उभं केलं, आणि आत पाणी गेलंय का बघायला प्लॅस्टिक सोडलं. शेजारच्या टेबलावर दोन ट्रक ड्रायव्हर पराठे खात होते. त्यातला एक हात पुसत आला, निरखून बघितलं आणि हिंदीत विचारलं, विकायचं आहे का, मालकाला आवडेल. नवरा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नहीं. घर के आदमी का है."

तिचं हिंदी ऐकून मला हसू आलं असतं. पण नवऱ्याकडे पाहिलं आणि आलं नाही. तो चादरीची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होता.

भाऊजी आता बरेच थकले होते. दारात आईला काठीवर बघून त्यांना गलबलून आलं, आणि त्यांच्या हाताची थरथर बघून आईला. त्यांनी चित्र खिडकीशी घेतलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि विचारलं, याला तेल कोण लावायचं? नवरा म्हणाला, वडील. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की उरलेल्या अळशीच्या तेलाचा हात ते चित्रावरून फिरवायचे, लाकडाला फिरवतात तसा. भाऊजी हसले. म्हणाले, त्या तेलानंच हे इतकं काळवंडलंय. माणसानं मायेनं केलं, पण रंगाला ते मानवत नाही.

तेल आता निघणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बुरशी निघेल, वरची धूळ आणि धूर निघेल. पण हे काम घाईचं नाही आणि त्यांच्या हातून होण्यासारखंही नाही. हात पुढे करून त्यांनी तो थरथरताना आम्हाला दाखवला. मग आईकडे वळून म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला कंप नाही. तुम्ही करा. आईनं आधी थट्टाच समजली. त्यांनी तिला समोर बसवून शिकवलं. कोरड्या मऊ ब्रशनं आधी बुरशी झाडायची. मग काडीला कापूस गुंडाळून तो आपल्याच थुंकीनं किंचित ओलावायचा आणि नखाएवढ्या जागेवर अलगद फिरवायचा, घासायचं नाही. कापूस काळा झाला की नवा घ्यायचा. पापुद्रे सुटलेत तिथं हातच लावायचा नाही. आईनं दोनदा विचारलं, थुंकीनंच? ते म्हणाले, थुंकीनंच. तिच्या चेहऱ्यावरून तिला ते पटलेलं दिसत नव्हतं, पण ती शिकली.

मग आमच्या घरात एक वेगळाच दिनक्रम सुरू झाला. डायनिंग टेबलावर जुनी गोधडी, त्यावर चित्र, आणि खुर्चीला उशी लावून बसलेली आई. सकाळी पोथी वाचून झाली की ती कापूस घेऊन बसायची. ज्या समुद्राकडे बघून तिला मळमळायचं त्यावर ती आता नाक टेकवून वाकलेली असायची. एका दिवसात तळहाताएवढी जागाही व्हायची नाही. कोपऱ्यातला तो उजेड साफ झाला तेव्हा तिथं फिकट पिवळा आणि थोडा गुलाबी निघाला, एवढंच. आभाळ चहाचं ते चहाचंच राहिलं.

नवरा रात्रपाळी करून आला की पूर्वी सरळ झोपायला जायचा. आता अंघोळ करून तो टेबलाशी थांबू लागला. आधी उभ्यानं, मग खुर्ची ओढून. कापूस काडीला गुंडाळून देण्याचं काम त्यानं आपणहून घेतलं. आई चौकशा करत नव्हती, हे तिचं मोठेपण. ती फक्त जहाजाविषयी विचारायची. हे काय, ही दोरी कशाला, हा डाग आहे का काही वस्तू? डेकवर तीन बारीक ठिपके होते. आई म्हणायची माणसं आहेत. तो म्हणायचा पिंपं असतील. त्यावर दोघांचा वाद रंगायचा.

अशाच एका दुपारी, मी शाळेतून येऊन आत भाजी निवडत असताना, मला त्याचा आवाज ऐकू आला. तो सलग बोलत होता. भावानं हे चित्र स्वतः खिळा ठोकून कसं लावलं, लहानग्या याला खांद्यावर घेऊन तो चित्रापुढे कसा उभा राहायचा आणि हे जहाज कुठं चाललंय ते रोज नवीनच सांगायचा. मग भाऊ गेला. चित्रानंच माझा मुलगा नेला, असं म्हणून सासूबाईंनी ते जाळायला काढलं होतं. सासरे जाळू देईनात, तेव्हा सासूबाईंनी ते भिंतीकडे तोंड करून टांगलं. घरात येणारे लोक विचारायचे, हे उलटं काय लावलंय?

"वर्षभर तसंच होतं," तो म्हणाला. "मग एक दिवस आईनंच सरळ केलं. म्हणाली, पोरगं किती दिवस भिंतीकडं तोंड करून उभं राहील?"

माझे हात भाजीवरच थांबले. हे मला इतक्या वर्षांत त्यानं सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं का? नाही. कुठंतरी सांगितलं गेलं, याचंच मला बरं वाटलं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर आईनं कापूस खाली ठेवला होता आणि तिचा हात त्याच्या पाठीवर होता. तो चित्रावर अश्रू पडू नयेत म्हणून टेबलापासून लांब वळून बसला होता.

त्यानंतर आईच्या मनात एक विचार घोळायला लागला. ती जुन्या वळणाची बाई. इतकी वर्षं माणूस बेपत्ता असेल तर त्याचे विधी करतात, त्यानं त्याला गती मिळते, घरच्यांचंही मन सुटतं, असं तिनं आधी मला आणि मग भीत भीत जावयाला सांगितलं. त्यानं शांतपणे नाही म्हटलं. त्याच्या आईनं केले नाहीत, वडिलांनी केले नाहीत. तोही करणार नाही. दादा आता सत्तरीला आला असेल, कुठंतरी असेलही, तो म्हणाला. आईनं पुन्हा तो विषय काढला नाही. दोन दिवस ती विचारात होती. मग तिनं नणंदेला फोन लावायला सांगितला आणि विचारलं, तुमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात तो बाहेरच्या माणसानं वाहिलेला चालतो का?

पौर्णिमेच्या दिवशी आम्ही धाकटी डहाणूला गेलो. खाडीवर होड्यांना पताका लावल्या होत्या, ढोल चालला होता, बायका नटून थटून आल्या होत्या. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यात जायचे दिवस. नणंदेनं आईसाठी गर्दीपासून थोडी बाजूची जागा बघून ठेवली होती. आईनं नवी साडी नेसली होती. नारळाला हळदकुंकू लावलं, आणि तो हातात धरून तिनं जावयाला जवळ बोलावलं.

ती म्हणाली, "हा गेलेल्या माणसासाठी नाही. समुद्रावर असलेल्या माणसासाठी आहे. त्याला जपायला सांगते."

त्यानं मान हलवली. तिचा एक दंड त्यानं धरला, दुसरा नणंदेनं, आणि तिघं घोट्याएवढ्या पाण्यात गेली. आईची फेक ती केवढी. नारळ हातभर लांब पडला आणि पुढच्याच लाटेबरोबर परत तिच्या पायाशी आला. ती गांगरली. काही अपशकुन तर नाही ना, अशा चेहऱ्यानं तिनं नणंदेकडे पाहिलं. नणंद हसून म्हणाली, असंच होतं, भरती आहे. नवऱ्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, तिचा काही उपयोग झाला नाही. नारळ घेऊन तो कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि तिथून त्यानं तो जोरात पुढे टाकला. मग नारळ दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभा राहिला. परत आला तेव्हा नखशिखांत भिजला होता. नणंदेनं त्याला तिच्या नवऱ्याची लुंगी आणि शर्ट दिला, आणि आम्ही नारळीभात खायला बसलो. जेवताना बहीणभाऊ दादाविषयी बोलत होते. त्यानं कुणाची होडी न विचारता नेली होती आणि मार खाल्ला होता, त्याची गोष्ट नणंदेनं इतकी रंगवून सांगितली की आईला ठसका लागला.

चित्र पुन्हा लागलं, पण ओल येत नाही अशा आतल्या बाजूच्या भिंतीवर. खालच्या कोपऱ्यातलं उघडं पडलेलं कापड तसंच आहे. भाऊजींनी सांगितलं होतं, त्यात नवा रंग भरू नका. दीरांचा फोटोही कपाटातून बाहेर आला. तो आता टीव्हीच्या बाजूला असतो. त्यांच्याविषयी पुढे काही कळलं नाही. कळेल असं मला आता वाटत नाही. नवऱ्याला काय वाटतं ते तो सांगत नाही.

दिवाळीनंतर आई तलासरीला परत गेली. थांब म्हटलं तर थांबली नाही. काठी लागते, पण स्वतःचं स्वतः करते. दर रविवारी तिचा फोन येतो. मी उचलते. ती माझी, शाळेची, पाठदुखीची चौकशी दोन मिनिटांत उरकते आणि म्हणते, त्यांना दे जरा. तो फोन घेऊन गॅलरीत जातो, दार ओढून घेतो आणि खूप वेळ बोलत राहतो. काय बोलतात ते मी विचारत नाही.